पैसे मोजणारा विचारणारच

जामखेडमध्ये दातांचा दवाखाना चालवणारे एक डॉक्टर आणि पुण्याला खराडीतल्या एका कंपनीत बसून अमेरिकेतल्या दंतवैद्यांची विम्याची कामं करणारी त्यांची पुतणी, यांच्यातलं हे बोलणं. दोघांचीही नावं देत नाही; विषय पाहता ते बरं दिसणार नाही. पुतणीने उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडात आरसा घातलेला नाही, पण टेक्सासमधल्या माणसाच्या कुठल्या दाढेवर कॅप बसली आणि तिचे किती पैसे विमा कंपनीने नाकारले, हे तिच्या समोरच्या स्क्रीनवर असतं. डॉक्टरांनी अर्ध्या तालुक्याची तोंडं आतून पाहिलीत, आणि विम्याचा फॉर्म समोर आला की ते चष्मा शोधायला उठतात ते परत येत नाहीत. मी डॉक्टरांचा शाळासोबती. जत्रेसाठी ती गावी आली होती, दवाखाना नुकताच बंद झाला होता आणि मी तिथेच बसलो होतो.

ठिणगी पडली ती व्हॉट्सॲप स्टेटसवरून. दवाखान्याच्या नंबरावर एका बाईंच्या समोरच्या दातांचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा.

पुतणी : काका, हे आधी काढा.

डॉक्टर : का? चेहरा कुठं दिसतोय?

पुतणी : ओठाजवळचा तीळ दिसतोय. जामखेडात तेवढा पुरतो.

डॉक्टर : अगं, त्या बाईच म्हणाल्या, टाका म्हणून. खूश होत्या.

पुतणी : लिहून दिलंय?

डॉक्टर : इथं लिहून मागितलं की माणूस बिचकतो. सहीपायी लोकांचे सातबारे गेलेत. दाताच्या दवाखान्यात कागदावर सही मागितली तर पेशंट दाढ तशीच घेऊन घरी जाईल.

पुतणी : डॅलसमधल्या एका दवाखान्याची गोष्ट सांगते. एलीट डेंटल असोसिएट्स. एका पेशंटने इंटरनेटवर त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं. दवाखान्याने तिथंच उत्तर दिलं, त्यात पेशंटचं आडनाव आणि आजाराचा तपशील. तिथल्या आरोग्य खात्याने २०१९ साली १०,००० डॉलर वसूल केले. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका दवाखान्याला अशाच उत्तरांपायी २०२२ मध्ये २३,००० डॉलर मोजावे लागले.

डॉक्टर : म्हणजे पेशंटने वाटेल ते लिहावं आणि डॉक्टरने तोंड शिवून बसावं?

पुतणी : बसावंच. तो तुमचा पेशंट आहे एवढं कबूल करणंसुद्धा माहिती फोडणं आहे.

डॉक्टर : इथं पेशंट स्टँडवर उभा राहून सांगतो, डॉक्टरने चांगली दाढ काढली आणि किडकी ठेवली. त्याला काय उत्तर देऊ? तिथल्या टपरीवाल्याला एक्स-रे दाखवतो मी.

पुतणी : खरंच दाखवलाय?

डॉक्टर काही बोलले नाहीत. दाखवला असावा.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण पुतणीने ते अमेरिकन कायद्याच्या अंगाने सांगितलं आणि डॉक्टरांनी लगेच “आपल्याकडे कुठं असलं काही” म्हणून हात झटकले. आपल्याकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि दवाखान्यांसारख्यांवरची मुख्य बंधनं २०२७च्या मे महिन्यापासून लागतील. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. जामखेडच्या दवाखान्याला हा आकडा ऐकून हसूच येतं, आणि मला वाटतं कायद्याचं तिथंच थोडं चुकलंय: इतका मोठा आकडा लहान माणसाला भीती घालत नाही, तो दुसऱ्या कुणासाठी असेल असं त्याला वाटतं. शिवाय हा दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याचं गुपित फुटलं त्याच्या हातात त्यातली दमडी येत नाही.

दंतवैद्यांना तर कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. त्यांच्या २०१४च्या आचारसंहितेत पेशंटचं गुपित बाहेर न सांगण्याचं बंधन आहेच.

डॉक्टरांना यातलं एकच कलम आवडलं. हा कायदा फक्त डिजिटल माहितीला, किंवा कागदावरून संगणकात गेलेल्या माहितीला लागतो.

डॉक्टर : म्हणजे माझी वही सुटली!

पुतणी : वही कुठं असते तुमची?

डॉक्टर : काउंटरवर.

पुतणी : उघडी. मघाशी मी तीन जणांची नावं, गाव आणि उधारी वाचली. आणि तुमचा कंपाउंडर बाहेर येऊन काय ओरडतो माहितीय? “ती कावीळवाली बाई आत या.” बाकावर आठ माणसं बसलेली असतात.

डॉक्टर : हिपॅटायटिस बी आहे तिला. हत्यारं वेगळी काढावी लागतात, म्हणून तो आधीच सांगतो.

पुतणी : हत्यारं सगळ्यांचीच सारखी निर्जंतुक करायला हवीत ना? तुम्हीच शिकवलंय मला. मग आजाराचं नाव घेऊन ओरडायची गरज कुठं उरली? आणि उद्या एचआयव्हीचा पेशंट आला तर? त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१७चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती कुणाला सांगता येत नाही, आणि त्या कारणाने त्याला परतही पाठवता येत नाही. तिथं वही की कॉम्प्युटर असा प्रश्नच नाही.

हा मुद्दा डॉक्टरांनी मुकाट्याने घेतला. मग त्यांनी बाजू बदलून हल्ला केला.

डॉक्टर : तुमच्याकडे काय चालतं ते सांग. तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस. त्या टेक्सासवाल्याची दाढ तुला कशी काय कळते?

पुतणीने सांगितलं ते मी जरा सविस्तर देतो, कारण आपली पुष्कळ मुलं-मुली पुण्यात हे काम करतात आणि घरी “कॉल सेंटर” एवढंच सांगतात. कामाच्या मजल्यावर जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा. आत कागद-पेन न्यायचं नाही. खुर्चीवरून उठताना स्क्रीन बंद. पेशंट उद्या दवाखान्यात येणार असेल तर आज रात्री त्याच्या विमा कंपनीला फोन करून विचारायचं: पॉलिसी चालू आहे का, या वर्षीची मर्यादा किती शिल्लक आहे, मागचा एक्स-रे कधी काढला, पॉलिसी घेण्याआधीच पडलेल्या दाताचे पैसे देता की नाही. या शेवटच्या अटीला “मिसिंग टूथ क्लॉज” म्हणतात, आणि तिच्यावरून बरेच क्लेम परत येतात. प्रत्येक कामाला नंबर आहे: सिरॅमिकची कॅप डी २७४०, दाढेचं रूट कॅनल डी ३३३०, साधा दात काढणं डी ७१४०. मर्यादा साधारण वर्षाला १,००० ते २,००० डॉलर. दोन कॅपमध्ये संपते.

डॉक्टर : एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप? दाताला विमा काढावा असं सुचलं तरी कुणाला?

पुतणी : गोदी कामगारांना. १९५४ साली, पश्चिम किनाऱ्यावरच्या. त्यांच्या युनियनने मालकांशी करार करून कामगारांच्या मुलांच्या दातांची सोय करून घेतली, तिथून सुरुवात. तुमच्याकडच्या ऊसतोड्यांनी कारखान्याकडून मुलांचे दात मागून घ्यावेत तसं.

डॉक्टर : ऊसतोड्यांचं पुढं बघू. मला हे सांग, त्या माणसाची दाढ डॉक्टरला माहीत, तुला माहीत, तुझ्या सुपरवायझरला माहीत, विमा कंपनीला माहीत. आणि याला तुम्ही गुपित म्हणता?

पुतणी : गुपित म्हणजे कुणालाच न सांगणं नाही, काका. ज्याला कामापुरतं लागतं त्याला कामापुरतंच द्यायचं. मी क्लेमसाठी दाढेचा एक्स-रे पाठवते. त्याला मधुमेह आहे की नाही, हे कॅपच्या क्लेममध्ये जात नाही. १९९६ साली तिथं जो कायदा झाला, हिपा, तो मुळात विम्याचाच आहे. नोकरी बदलली तरी विमा तुटू नये म्हणून. कागद इकडून तिकडे फिरणार हे धरूनच त्यात खासगीपणाचे नियम आले आणि ते २००३ पासून लागू झाले. पैसे मिळवण्यासाठी कंपनीला माहिती द्यायला पेशंटची वेगळी परवानगीही लागत नाही.

डॉक्टर : आणि त्याला कंपनीला सांगायचंच नसेल तर?

पुतणी : तर एक वाट आहे. २०१३ पासून. पूर्ण पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे आणि डॉक्टरला सांगायचं, याची खबर कंपनीला देऊ नका. मग डॉक्टरला ते ऐकावं लागतं.

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. शाळेत कबड्डीत कुणाचा पाय हाताला लागला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

डॉक्टर : म्हणजे रोख मोजणाऱ्याचं गुपित राहतं! मग माझ्याकडे शंभरातले शंभर रोख मोजतात. आपल्या बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय किंवा अपघात झाल्याशिवाय दाताला हात लावत नाहीत. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर निघाला तर कामी येते. पण रूट कॅनल, कॅप, कवळी यांना कोण विचारतो? माझ्या पेशंटची दाढ कुठल्याच कंपनीला माहीत नाही. अमेरिकन माणसाने पैसे देऊन घ्यावी अशी सवलत आमच्या हळगावच्या म्हातारीला फुकट मिळते.

मला हे बिनतोड वाटलं. पुतणीलाही क्षणभर वाटलं असावं, कारण तिने पाणी घेतलं.

पुतणी : ती रोकड येते कुठून, काका?

डॉक्टर : म्हणजे?

पुतणी : म्हातारीची कवळी मुलगा करून देतो. सुनेची दाढ नवरा. तोड्याची दाढ मुकादम. यातला कोण तुम्हाला विचारत नाही?

मुकादमाचं नाव निघालं तसे डॉक्टर गंभीर झाले. या भागातून ऊसतोडीला जोड्या जातात. मुकादम उचल देतो आणि हंगामभर ती कामातून फिटते. उचल घेतलेल्या माणसाचा गाल सुजला तर मुकादमच त्याला मोटरसायकलवर बसवून आणतो, पैसे मोजतो आणि उचलीत लिहून ठेवतो. आणि बाहेर येऊन विचारतो.

डॉक्टर : विचारतो खरं. “काय झालंय? किती दिवस मोडतील? काही मोठं नाही ना?” मी सांगतो. पैसे त्याने दिलेत, पेशंट शेजारीच उभा असतो.

पुतणी : उभा असतो, पण नको म्हणू शकतो का? विमा कंपनी आणि मुकादम यांच्यात फरक एवढाच, की कंपनीने किती विचारावं याला तिथं मर्यादा घातलीय. मुकादमाला घातलेली नाही.

मी मध्ये म्हणालो की हे मुकादमावरच थांबत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने जबड्याच्या ऑपरेशनचं बिल टाकलं की ते शाळेतून पंचायत समितीत, तिथून नगरला जातं, आणि प्रत्येक टेबलावर निदान वाचलं जातं. सरकारी योजनेत आरोग्यमित्र काउंटरवर बसून आजार विचारतो तेव्हा मागे रांग असते. जो पैसे मोजतो तो विचारणारच. त्याला किती सांगायचं, एवढाच काय तो झगडा आहे. डॉक्टर म्हणाले, “तू लेख लिहायला लागलास.” मी गप्प बसलो.

खरी गाठ पुढे आली. डॉक्टरांकडे येणाऱ्या पुरुषांत तोंड पुरतं न उघडणारे बरेच असतात. तपासायची रीत सोपी: स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायची. निरोग्याची जातात. सुपारी-गुटख्याने गालाच्या आत पट्टे धरले की दोन जातात, मग एक. तरणीताठी पोरं दीड बोटावर आलेली असतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे वाचकाला ठाऊक असेलच.

डॉक्टर : परवा असाच एक आला. गालात पांढरा चट्टा. बार्शीला पाठवायला पाहिजे, नर्गिस दत्त हॉस्पिटलला. चिठ्ठी लिहायला घेतली तर म्हणतो, “डॉक्टर, तंबाखूचं लिहू नका. मागच्या वर्षी पॉलिसी काढली, त्यात व्यसन नाही लिहिलंय.”

पुतणी : मग?

डॉक्टर : मग नाही लिहिलं.

पुतणी : काका!

डॉक्टर : आता का? इतका वेळ तूच सांगत होतीस, पेशंटचं गुपित पेशंटचं. त्याने मला विश्वासाने सांगितलं, मी ते कंपनीपर्यंत जाऊ दिलं नाही.

पुतणी : हे गुपित राखणं नाही, खोटा कागद आहे. केस पेपरमधून इतिहास गाळणं म्हणजे फसवणुकीला हात लावणं. आणि बार्शीच्या डॉक्टरला तंबाखू कळायला नको? तो उपचार कशावर ठरवणार?

डॉक्टर : फोन करून सांगितलं त्याला.

पुतणी : म्हणजे कागदावर एक आणि तोंडी एक. उद्या तुमच्या जागी दुसरा डॉक्टर आला तर? पॉलिसी सलग साठ महिने चालली की जुनी लपवाछपवी काढून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. या माणसाचं एकच वर्ष झालंय. तो क्लेम टाकेल, कंपनी जुने कागद मागेल, त्यात तुमची चिठ्ठी निघेल.

डॉक्टर : आणि लिहिलं असतं तर तो बार्शीला गेलाच नसता. घरी जाऊन बसला असता, चट्ट्याची गाठ झाल्यावर आला असता. पुढच्या वेळी मला खरं सांगितलं नसतं, ते वेगळंच. तुमच्या कंपन्यांनी तोंडातला प्रत्येक शब्द क्लेम नाकारायला वापरला तर लोक डॉक्टरशीच खोटं बोलायला लागतील. मला कुठलं जास्त वाईट, ते सांग.

गंमत अशी की इथे दोघांनी जागा बदलल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर सगळं उघडं ठेवणारे काका एक शब्द दाबून ठेवायला निघाले होते, आणि कुलूपबंद मजल्यावर काम करणारी पुतणी तो शब्द लिहाच म्हणत होती. माझं मत पुतणीच्या बाजूने पडतं, पण पूर्ण नाही. चिठ्ठीत तंबाखू असलीच पाहिजे. मात्र “पॉलिसीत खरं लिहा, हप्ता थोडा जास्त पडेल पण क्लेम मिळेल” हे त्या माणसाला पॉलिसी काढताना कुणी सांगितलं होतं, याची खात्री मी देणार नाही. फॉर्म एजंट भरतो, गिऱ्हाईक सही करतो. सातबाऱ्यासारखीच.

डॉक्टरांनी शेवटचा बाण काढला, आणि तो खरा होता.

डॉक्टर : बरं, लिहिलं. कागद कंपनीकडे गेला. तिथून पुढं? २०२४ला त्या स्टार हेल्थचं काय झालं? लोकांचे वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवर मिळत होते. हॅकर ३ कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती आहे म्हणत होता. माझी वही फोडायला माणसाला जामखेडला यावं लागतं.

पुतणी : आमच्याकडे त्याहून मोठं झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअरवर हल्ला झाला. क्लेमची ने-आण करणारी कंपनी. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली, दातांच्या दवाखान्यांचे क्लेमही अडकले. मी नाही म्हणत नाही, काका. पण अनोळखी चोराकडे माझा अहवाल गेला तर माझं लग्न मोडत नाही. तुमच्या बाकावर बसलेल्या मावशींनी ऐकला तर मोडतं.

यावर मला आरोळे दाम्पत्याची आठवण झाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना उघडला नाही. त्यांना इतर पेशंटबरोबर, त्याच ठिकाणी तपासलं. वेगळ्या दारातून आत जाणारा माणूस दारातच ओळखला जातो. खासगीपणाचा हा धडा कुठल्याही कायद्याआधीचा आहे आणि तो याच गावात गिरवला गेला. त्याच प्रकल्पातल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांना घराघरातलं सगळं ठाऊक असे, कुणाला क्षय, कुणाला दिवस गेलेत. त्यांना ते ठाऊक नसतं तर काम उभंच राहिलं नसतं.

दुसरं उदाहरण बार्शीचं. बार्शी, भूम, परांडा भागात १९८७ पासून कॅन्सरची नोंदवही चालते, भारतातली ग्रामीण भागातली पहिली. गावात जाऊन, माणसाला विचारून, नावानिशी आजार टिपलेला. खेड्यातल्या कॅन्सरबद्दल देशाला जे कळलं त्यात या नोंदवहीचा वाटा मोठा आहे. तिथं सगळ्यांनी “आमचं आम्हाला” म्हटलं असतं तर काय हाती लागलं असतं? पुतणी म्हणाली, त्या नोंदवहीतली नावं बाहेर येत नाहीत, आकडे येतात. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे आतल्या माणसाला नाव, बाहेरच्याला आकडा.” तिने मान डोलावली. तासाभरात पहिल्यांदाच दोघं एका वाक्यावर थांबली.

मग काम निघालं. पुतणीने टेबलावरच्या डब्यातून लॅबला जाणारी पिशवी उचलली. आत दातांच्या मापाचं प्लास्टरचं मॉडेल, वर बॉलपेनने पेशंटचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर. ही पिशवी ट्रॅव्हल्सच्या गाडीने नगरला जाते, लॅबचा पोरगा ती स्टँडवरून उचलतो.

पुतणी : कॅप बनवायला मोबाइल नंबर कशाला लागतो?

डॉक्टर : सवयीने लिहितो. पूर्वी एकदा दोन पाटलांच्या कॅपा उलट्या आल्या होत्या.

पुतणी : केस पेपरचा नंबर घाला. पाटील कितीही असोत, नंबर एकच असेल. नगरच्या रूट कॅनलवाल्या डॉक्टरांना एक्स-रे पाठवता त्यावरही नाव असतं, ते कापून नंबर ठेवा. तो व्हॉट्सॲपवर जातो, म्हणजे कायद्यात बसतो. वही ड्रॉवरमध्ये. कंपाउंडरने आजार नाही, नाव घ्यायचं. आणि फोटोसाठी मराठीत चार ओळींचा कागद करू: कशासाठी, कुठं टाकणार, नको वाटलं तर कधीही काढायला सांगा. उपचारासाठी पेशंट स्वतःहून नाव-गाव सांगतो, त्याला वेगळी सही नको. सही फक्त फोटोची.

डॉक्टर : फोटोची एकच ना? मग चालेल. आणि तो मुकादम? सोमवारी येणार आहे, त्याच्या माणसाची दाढ काढायचीय.

पुतणी : त्याला सांगा, दोन दिवस आराम. बस.

डॉक्टर : तो म्हणेल, पैसे मी देतोय.

पुतणी : मग पावती त्याच्या नावाने फाडा. केस पेपर पेशंटच्या नावाचा.

डॉक्टर : आणि पेशंटनेच केस पेपर त्याच्या हातात दिला तर? त्याला वाचता येत नाही, मुकादमच वाचून दाखवतो.

पुतणी : तर तुम्ही आधी वाचून दाखवा. आत, दार लावून.

डॉक्टर : दार नाही, पडदा आहे.

पुतणीने पडद्याकडे पाहिलं आणि सुताराला किती पडतील ते विचारलं. डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो एका रूट कॅनलपेक्षा जास्त होता, आणि त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली.